विरंगुळ्याची पत्रे : नेहरू पिता-कन्येच्या पत्रव्यवहाराविषयी

राजकीय पुरुषाची भाषणे समुदायासाठी असतात आणि आत्मचरित्र बहुधा पुढच्या पिढ्यांसाठी असते. खाजगी पत्र मात्र एका माणसाने एका माणसासाठी लिहिलेले असते, आणि म्हणूनच ते प्रसिद्ध झाले की वाचक त्यावर झडप घालतो. सभेत जे बोलले गेले नाही ते तेथे सापडेल अशी त्याची अपेक्षा असते. जवाहरलाल नेहरू आणि त्यांची कन्या इंदिरा ह्यांच्या पत्रव्यवहाराचे दोन जाड खंड सोनिया गांधी ह्यांनी संपादित केले. १९२२ ते १९३९ ह्या काळातील पत्रांचा ‘फ्रीडम्स डॉटर’ हा पहिला खंड १९८९ साली आला, तर १९४० ते १९६४ ह्या काळातील पत्रांचा ‘टू अलोन, टू टुगेदर’ हा दुसरा खंड १९९२ साली. मधल्या वर्षात, मे १९९१ मध्ये, संपादिकेच्या पतीची हत्या झाली होती. तेव्हा हे खंड अनेकांनी एका दुर्दैवी घराण्याची गाथा म्हणून वाचले, तर इतरांनी स्वातंत्र्यलढ्याच्या अंतःपुरातील बातम्या मिळतील म्हणून.

प्रस्तुत लेखात ह्या पत्रांची एक वेगळीच बाजू तपासावयाची आहे. ह्या पत्रांत राजकारण आहे, आजारपणे आहेत, पैशाच्या विवंचना आहेत. परंतु पानेच्या पाने व्यापली आहेत ती फुलांनी, पक्ष्यांनी, डोंगरांनी, पुस्तकांच्या याद्यांनी आणि चरख्याच्या सुताने. मराठीत आपण करमणूक, विरंगुळा आणि छंद हे शब्द सैलपणे वापरतो. तथापि त्यांच्या छटा निराळ्या आहेत. करमणुकीने वेळ जातो, विरंगुळ्याने दुःख हलके होते आणि छंद माणसाला लागतो. नेहरू घराण्याच्या पत्रांत ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या काढून पाहिल्या, तर पत्रे लिहिणाऱ्यांविषयी काही कळते. आणि छंदांवरून माणसाची पारख कोठवर करावी, हेही कळते.

आम्हा पूर्व खानदेशातल्या लोकांना नेहरू प्रथम दिसले ते डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस ह्यांनी बांबूची कलापूर्ण सजावट केली होती. अमळनेरची शाळा सोडून देशकार्यात पडलेल्या साने गुरुजींनी त्या अधिवेशनासाठी गावोगाव पायपीट केली होती. आणि अध्यक्षस्थानी जवाहरलाल होते. एरंडोल, अमळनेर, यावल ह्या तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या स्मरणात जो नेहरू राहिला, तो ह्या गर्दीतला. त्याच वर्षाच्या २८ फेब्रुवारीस स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमला नेहरूंचे निधन झाले होते, आणि एकुलती एक मुलगी इंग्लंडात शिकत होती. फैजपूरच्या मंडपात ज्याच्या नावाचा जयजयकार चालला होता, त्याच्या घरात त्या वेळी ना पत्नी होती, ना मुलगी. पत्रव्यवहाराचे महत्त्व येथून लक्षात यावे. ह्या कुटुंबाला एकत्र बसून जेवण्याचे दिवस फार थोडे मिळाले. त्यांचे घर बरेचसे पत्रांतच वसले होते.

ही परंपरा जवाहरलालांपासून सुरू झालेली नाही. १९०५ साली ते हॅरोच्या शाळेत दाखल झाले, तेव्हापासून मोतीलालजी आणि त्यांच्यात पत्रे जात-येत होती. त्या पोरवयात जवाहरलालांना विमानविद्येचे वेड लागले होते. माणूस नुकताच उडू लागला होता, आणि हा मुलगा वडिलांना लिहीत होता की, लवकरच आपण आठवड्याच्या सुटीत विमानाने हिंदुस्थानात येऊन जाऊ! आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण स्वतःच सांगितली आहे. वरवर पाहता ही शाळकरी उत्साहाची गोष्ट. तिच्या मुळाशी काय आहे ते पाहिले, तर घरची ओढ आहे. मुलगा दूर आहे. ‘मला घरी यावेसे वाटते’ असे लिहिणे त्या पुरुषी वातावरणात प्रशस्त नव्हे. तेव्हा तो विमानाविषयी लिहितो. भावना थेट बोलता येत नाही तेव्हा छंद तिचा निरोप पोहोचवतो, ही ह्या घराण्याची रीत तेथे प्रथम दिसते.

पुढे बाप झालेल्या जवाहरलालांनी हीच रीत आपल्या मुलीशी चालविली, पण तिला शिक्षकाची शिस्त लावून. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. त्या काळात लिहिलेली पत्रे १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. पृथ्वी, प्राणी, भाषा, आदिमानव असे विषय त्यांत आहेत. नदीतला एखादा गुळगुळीत गोटाही आपली हकीकत सांगतो, ती वाचावयास शिकले पाहिजे, असे त्यांतील प्रसिद्ध सूत्र. आमच्या अंजनी नदीच्या पात्रात गोटे वेचणाऱ्या मुलालाही ते समजावे इतके ते सोपे आहे. त्यानंतर ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ ह्या काळात तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांतून जगाच्या इतिहासाचा सुमारे दोनशे पत्रांचा ग्रंथ उभा राहिला.

ह्या पत्रांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यही आहे. तथापि समीक्षकाने येथे एक प्रश्न विचारावयास हवा. मुलीने गोटा नुसता खेळण्यासाठी वेचला तर चालले असते काय? वडिलांच्या पत्रांत प्रत्येक विरंगुळ्याचा अखेरीस पाठ होतो. डोंगर दिसला की भूगर्भशास्त्र येते, पुस्तक हाती आले की त्यानंतर वाचावयाच्या पुस्तकांची यादी येते. इंदिराजींचे बालपण तसेही खेळापासून पारखे झालेले होते. परदेशी मालाच्या बहिष्काराच्या दिवसांत आपण आपली विदेशी बाहुली जाळली, ही हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. ज्या घरात बाहुलीसुद्धा राजकारणातून सुटली नाही, तेथे छंदाला निव्वळ छंद म्हणून राहणे अवघडच होते. कन्येच्या सुरुवातीच्या पत्रांतील त्रोटकपणा, आणि ती वेळेवर लिहीत नाही ही पित्याची वारंवारची तक्रार, ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. जिला प्रत्येक पत्राबरोबर एक धडा मिळतो, ती मुलगी उत्तर लिहिताना परीक्षेला बसल्यासारखी बसत असेल, तर त्यात तिचा दोष कोणता?

सन १९३१ पासून तीन वर्षे इंदिरा पुण्यात, वकील दांपत्याच्या ‘प्युपिल्स ओन स्कूल’मध्ये होती, तेथून ती शांतिनिकेतनास गेली. शांतिनिकेतनात ती मणिपुरी नृत्य शिकली, स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकली. हे तिचे स्वतःचे छंद. त्यांत शरीराचा मोकळेपणा आहे आणि पाठ कोणताच नाही. पुढे १९३९-४० च्या सुमारास छातीच्या विकाराने तिला लेझां येथील आरोग्यधामात महिनोन्‌महिने पडून राहावे लागले, तेव्हा तो मोकळेपणाही हिरावला गेला. दोन्ही खंडांतील अत्यंत जिवंत भाग माझ्या मते येथून सुरू होतो, कारण आता पिता-पुत्री दोघेही कोंडलेले आहेत, एक तुरुंगात आणि दुसरी आजारात. शिक्षक आणि विद्यार्थिनी हे नाते मागे पडून दोन बंदिवानांचे नाते पुढे येते.

नेहरूंचे तुरुंगातील आयुष्य सर्व मिळून सुमारे नऊ वर्षांचे. त्या काळात त्यांनी जे विरंगुळे जोपासले ते त्यांच्या आत्मचरित्रातही आले आहेत. लखनौच्या तुरुंगात खारी त्यांच्या पायावर येऊन बसत. आईवेगळ्या झालेल्या पिलांना शाईच्या पेनाच्या भरणीला कापूस लावून दूध पाजले जाई. डेहराडूनला भिंतीपलीकडची हिमशिखरे दिसली की दिवस सार्थकी लागे. चरखा तर होताच. तुरुंगात कातलेल्या सुताचा एक उपयोग सर्वांना ठाऊक आहे. २६ मार्च १९४२ रोजी इंदिरेचा फिरोज गांधी ह्यांच्याशी विवाह झाला, तेव्हा तिने नेसलेली गुलाबी खादीची साडी पित्याने बंदिवासात कातलेल्या सुताची होती. त्या विवाहाला पित्याची प्रारंभी मनापासून संमती नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साडीचे मोल अधिक कळते. युक्तिवादाने जे जुळले नव्हते ते सुताने जुळविले.

ह्यानंतर पाचच महिन्यांनी, ९ ऑगस्ट १९४२ रोजी, नेहरूंना अटक होऊन अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात आणण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य तेथे होते : मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, आपले शंकरराव देव आणि इतर. प्रारंभी वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. पुढे घरच्या माणसांस लिहिण्याची मुभा मिळाली. परंतु पत्रे तपासली जात, आणि राजकारण त्यांत वर्ज्य होते. ह्या एका बंधनाकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. ज्या माणसाच्या मनात अहोरात्र देशाचा विचार आहे, त्याला त्याविषयी एक अक्षर लिहिता येत नाही. मग त्याने लिहावे काय? चंद्राची कोर, वाफ्यात रुजलेले बी, झाडावर आलेला पक्षी, वाचलेला ग्रंथ. सेन्सॉरच्या कात्रीतून जे सुटते तेवढेच मुलीपर्यंत पोहोचते. तेव्हा ह्या पत्रांतील छंद केवळ रुचीमुळे आलेले नाहीत. दुसरी भाषा उरली नव्हती म्हणून त्यांची भाषा झाली आहे. एखाद्या फुलाविषयीचे वाक्य वाचताना ‘मी खचलेलो नाही’ हा निरोप ऐकू येतो तो ह्यामुळे.

किल्ल्यातील बागकामाची हकीकत त्यांनी तेथेच, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ ह्या पाच महिन्यांत लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी दिली आहे. जमीन निकृष्ट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. भर उन्हात तासन्‌तास खणून ते फुलझाडांसाठी वाफे तयार करीत. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, आणि मग हा किल्ला लढविणारी चांदबिबी आठवे. फावड्याने सुरू झालेला विरंगुळा असा इतिहासाकडे वळला आणि त्यातून एक ग्रंथ जन्मला. १९२८ साली मुलीला गोट्याची हकीकत वाचावयास सांगणारा बाप येथे स्वतःच मातीत हात घालून वाचतो आहे. फरक एवढाच की, आता शिकविण्याचा आविर्भाव उरलेला नाही. ह्या काळातील पत्रे त्यामुळे आधीच्या पत्रांहून मला अधिक मोलाची वाटतात.

त्याच किल्ल्यात आणखी एक पत्रसंग्रह आकार घेत होता. त्याच्याशी तुलना केल्याविना नेहरूंच्या पत्रांचे वेगळेपण नीट ध्यानात येणार नाही. मौलाना आझाद ह्यांनी आपल्या मित्राला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली, जी टपालात कधी पडलीच नाहीत. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पहाटेच्या काळोखात स्वतःच्या हाताने केलेला, बिनदुधाचा चिनी चहा. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी जुळवून घेण्याची खटपट. तरुणपणी जडलेला सतारीचा नाद. असे त्यांचे विषय. दुधासाखरेत उकळलेल्या आपल्या चहाविषयी मौलानांनी जो तुच्छभाव दाखविला आहे, तो वाचून खानदेशी वाचकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. आणि त्याच पुस्तकात एप्रिल १९४३ मधील पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते. पत्नी अत्यवस्थ असताना सरकारकडे सवलत मागावयाची नाही, हा निर्धार त्यांनी मोडला नव्हता. चहाच्या पेल्यांची ती नजाकत कोणत्या मनाला सावरत होती, हे त्या पानावर कळते.

आझादांचा विरंगुळा हा एकट्याचा आहे. त्यांना उत्तराची अपेक्षा नाही, म्हणून त्यांचे गद्य घोटीव आणि साहित्यगुणांनी श्रेष्ठ झाले. नेहरूंची पत्रे उत्तरासाठी लिहिलेली आहेत. त्यांत तीच ती विचारपूस आहे, पुनरुक्ती आहे, कधी उपदेशाची जुनी सवयही डोके वर काढते. तथापि वाफ्यातल्या रोपाची बातमी कोणाला तरी सांगावीशी वाटते आणि ती ऐकणारी आहे, ह्यातला दिलासा आझादांच्या सुंदर पानांत नाही. साहित्य म्हणून मी आझादांना अधिक गुण देईन. माणसाच्या सोबतीचा पुरावा म्हणून नेहरूंना.

इंदिरा स्वतः सप्टेंबर १९४२ ते मे १९४३ पर्यंत नैनीच्या तुरुंगात होती. तेथे आत्या विजयालक्ष्मी पंडित आणि आतेबहीण सोबत होत्या. विजयालक्ष्मींच्या तुरुंगातील रोजनिशीत ह्या तिघींच्या एका खेळाची नोंद आहे : बराकीतल्या आपापल्या कोपऱ्यांना त्यांनी नावे दिली होती, आणि इंदिरेने आपल्या कोपऱ्याला दक्षिण अमेरिकेतील ‘चिंबोराझो’ ह्या पर्वताचे नाव दिले होते. डोंगराची ओढ चार भिंतींतही सुटली नव्हती. पक्ष्यांचे जग आपल्यासमोर उघडले ते वडिलांकडून आलेल्या सलीम अली ह्यांच्या १९४१ च्या पक्ष्यांवरील पुस्तकाने, असे त्यांनी पुढे नमूद केले. छंदाचा हा वारसा सत्तेपर्यंत पोहोचला. १९७२ सालच्या स्टॉकहोम येथील पर्यावरण परिषदेस यजमान देशाच्या पंतप्रधानांखेरीज उपस्थित राहिलेल्या त्या एकट्याच शासनप्रमुख. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. तुरुंगांतून निघालेल्या पत्रांतील पक्षी असे देशाच्या कायद्यात येऊन बसले. राजकीय घराण्याच्या खाजगी विरंगुळ्याचे इतके सार्वजनिक फळ क्वचितच दिसते.

येथवर येऊन थांबलो तर चित्र मोठे रम्य होईल. संपादित खंडही साधारण असेच थांबतात, कारण १९६४ साली पित्याच्या निधनाबरोबर पत्रे संपतात, आणि कन्या पंतप्रधान होते १९६६ मध्ये. छंदांची कसोटी लागली ती त्यानंतर. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. येरवडा आणि नाशिक येथील तुरुंग राजबंद्यांनी भरले, आणि त्यांची पत्रे पुन्हा कोणीतरी फोडून वाचू लागले. जिचे बालपण आणि तारुण्य तपासलेल्या पत्रांवर पोसले गेले, तिच्याच राज्यात हे घडले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने न्यायालयांचे अधिकार आकुंचित केले, आणि त्याच दुरुस्तीने अरण्ये व वन्यजीव ह्यांचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून घटनेत घातले. दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात आहेत.

मराठी वाचकाला ह्याचा दाखला आपल्याच साहित्यात सापडतो. बारा महिन्यांची झाडेफुले ज्यांनी ‘ऋतुचक्रा’त (१९५६) मराठीत आणली, त्या दुर्गाबाई भागवत डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी निर्भयपणे बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. पक्ष्याझाडांवर जीव असलेल्या एका स्त्रीच्या सरकारने पक्ष्याझाडांवर तितकाच जीव असलेल्या दुसऱ्या स्त्रीला कोठडीत घातले. निसर्गप्रेमाने माणूस आपोआप उदार होतो, ही समजूत टिकू नये एवढा हा पुरावा पुरेसा आहे. झाड उलट बोलत नाही, पक्षी टीका करीत नाही. त्यांच्यावर प्रेम करणे हे, आपल्याला विरोध करणाऱ्या माणसाला सहन करण्याहून सोपे आहे.

मग ह्या पत्रांतील छंदांचे मोल शून्य ठरते काय? तसे मी म्हणणार नाही. चरित्रकार आणि भाबडे वाचक त्यांचा वापर स्वभावाच्या प्रमाणपत्रासारखा करतात, त्याला माझी हरकत आहे. खारीला दूध पाजले म्हणून धोरण बरोबर ठरत नाही. आणि आणीबाणी लादली म्हणून पक्ष्यांचे वेड खोटे होते असेही ठरत नाही. विरंगुळ्यातून इतके कळते की, माणूस कशाने सावरला जात होता. सत्ता हाती आल्यावर त्याने इतरांना काय सावरू दिले, हे मात्र दुसऱ्या कागदपत्रांत पाहावे लागते.

ह्या संदर्भात साने गुरुजींची आठवण होणे खानदेशी वाचकास अपरिहार्य आहे. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची ‘सुंदर पत्रे’ ‘साधना’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. त्यांतही फुले, नद्या, पाखरे, पुस्तके आणि जगाच्या गोष्टी आहेत. नेहरूंप्रमाणे गुरुजीही शिकवितात. पण गुरुजींच्या हाती सत्ता नव्हती आणि ती त्यांना नको होती, म्हणून त्यांच्या पत्रांतील कोवळेपणाची सत्तेच्या दारात परीक्षा झाली नाही. नेहरू घराण्याची पत्रे ह्याच कारणाने अधिक अस्वस्थ करतात, आणि अधिक वाचण्याजोगी आहेत. यशवंतराव चव्हाणांनी परदेशांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रे ‘विदेश दर्शन’ ह्या संग्रहात मराठीत उपलब्ध आहेत. तीही कोणी अशाच दुहेरी नजरेने वाचावीत. आवडनिवड टिपावी, तिच्यातील माणूस ओळखावा, आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

दोन्ही खंड मोठे आहेत. सलग वाचण्याची सवड नसेल त्यांनी निदान अहमदनगरच्या किल्ल्यातील पत्रे वाचावीत. दगडगोट्यांच्या जमिनीत वाफे खणणारा तो कैदी आणि दूरवर त्याच्या पत्राची वाट पाहणारी ती तरुण मुलगी ह्यांच्यावर माया जडल्यावाचून राहत नाही. ती जडू द्यावी. नंतर १९७५ ते ७७ ह्या काळात येरवड्याहून वा नाशिकहून ज्यांच्या घरी पत्रे येत होती अशा एखाद्या कुटुंबाकडेही चौकशी करावी. खानदेशात अशी घरे आहेत. त्या पत्रांतही राजकारण लिहिता येत नव्हते. तेथल्या बंदिवानांनी मुलांना कोणत्या झाडांविषयी आणि कोणत्या पाखरांविषयी लिहिले, ते संग्रहित करण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.